दीड वाजताची सफाई

१

“या यंत्रात माझ्याखेरीज साक्षात परमेश्वरालाही शिरता येणार नाही,” लिफ्ट-तपासणी कार्यालयाचे प्रमुख म्हणाले. परमेश्वराच्या वतीने कोणी हरकत घेतली नाही, तेव्हा त्यांनी ऐटीत पासवर्ड टाकून कुलूपबंद कप्पा पडद्यावर उघडून दाखवला. कप्पा रिकामा होता.

साहेबांनी तो बंद करून पुन्हा उघडला. रिकामेपणात काही फरक पडला नाही.

सोमवार होता, दुपारचे पावणेतीन. हे प्रात्यक्षिक चाललं होतं चौकशी समितीच्या अध्यक्षांसाठी. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश. ते तीन मजले जिने चढून आले होते, कारण शहरभरच्या लिफ्ट तपासणाऱ्या या कार्यालयाची स्वतःची लिफ्ट गेलं दीड वर्ष ‘तपासणीसाठी बंद’ होती. त्या क्षणी त्यांना फायलीपेक्षा खुर्चीची निकड जास्त होती.

नाहीशी झालेली फाईल डोळ्यांच्या एका रुग्णालयातल्या लिफ्टची होती. अकरा दिवसांपूर्वी, गुरुवारी, ती लिफ्ट दोन मजले कोसळली आणि आतल्या परिचारिकेचे दोन्ही पाय मोडले. चारच महिन्यांपूर्वी कार्यालयाच्या तीन तपासनिसांनी तिला ‘उत्तम’ ठरवलं होतं. एकाने दोर तपासले, एकाने ब्रेक, एकाने दरवाजे. दोर शाबूत होते, दरवाजे शाबूत होते. गेला होता ब्रेक. कोणी काय तपासलं हे फक्त त्या फायलीत लिहिलेलं होतं, आणि तोंडी विचारलं की तिघेही म्हणत, “मी दरवाजे.” एका लिफ्टच्या दरवाजांची एवढी कसून तपासणी कुठेच झाली नसेल.

रिकामा कप्पा बघून लंबू तपासनिसाने कपाळावर हात मारला. मिशाळ तपासनीस म्हणाले, “मी आधीच म्हणत होतो.” ते काय म्हणत होते हे कोणालाच आठवेना. तिसऱ्या तपासनीस म्हणजे वहिनी. त्यांचे यजमान पूर्वी इथेच नोकरीला होते, तेव्हापासून त्या अख्ख्या कार्यालयाच्या वहिनी. त्यांच्या तोंडून “आज?” एवढाच शब्द आला आणि दुखरा गुडघा धरून त्या खाली बसल्या.

यंत्र स्वतःची रोजनिशी लिहीत असतं. कोणी काय उघडलं, काय पुसलं, सगळं त्यात येतं. न्यायाधीशांनी ती काढायला लावली. फाईल त्याच दुपारी दीड वाजता पुसली गेली होती आणि पुसणाऱ्याच्या रकान्यात एकच शब्द होता: मालक. ‘मालक’ हे त्या यंत्रातलं सर्वाधिकारी खातं, आणि त्याचा पासवर्ड साहेबांनी बायकोलाही सांगितलेला नव्हता.

“नक्कल कुठे ठेवता?” न्यायाधीशांनी विचारलं.

“नकलांची डिस्क भरली आहे. किरकोळ बाब आहे ती.”

“दीड वाजता आपण कुठे होतात?”

“माझ्या खोलीत. दार लावून चिंतन करत होतो.”

“साक्षीदार?”

“चिंतन एकट्यानेच करतात.”

न्यायाधीशांनी ते शब्दशः लिहून घेतलं आणि टोपण लावताना म्हणाले, “वकील गाठा, साहेब. मोठा गाठा.”

२

ही हकीकत चाळणबाईंच्या कानावर आली ती बारनिशीच्या मावशींकडून, म्हणजे कार्यालयात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद करणाऱ्या मावशींकडून. फोनवर आणि अभिनयासह. चाळणबाईंनी फोन ठेवला, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि गालातल्या गालात हसल्या. तीन वर्षांत हा पहिलाच प्रसंग होता.

तीन वर्षांपूर्वी त्या कार्यालयाचं यंत्र त्याच सांभाळत. समोर काहीही ठेवा, बाई ते उजेडाकडे धरून त्यातली भोकं मोजणार, म्हणून हे नाव पडलेलं. एकदा त्यांना यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार हाकणाऱ्या मूळ प्रणालीतच, एक भोक सापडलं. त्यांनी बारा पानी अहवाल लिहिला. शेवटच्या पानावर तीन चौकटी होत्या: किरकोळ, मध्यम, गंभीर. साहेबांनी पहिलं पान अर्धं वाचून ‘किरकोळ’वर खूण केली आणि खाली शेरा मारला, “मालकाखेरीज कोणालाही हे शक्य नाही.” बाई वाद घालायला गेल्या, तर त्यांची रवानगी तळघरात, जुनी कागदपत्रं सांभाळायला झाली. तिथे दोन महिने झुरळांशी चर्चा करून त्यांनी राजीनामा दिला. निरोपाच्या दिवशी एकट्या वहिनी तेवढ्या तळघरात उतरल्या होत्या, एकेक पायरी मोजत, हातात फुलं घेऊन.

तेव्हापासून बाई अशीच भोकं तपासण्याचा स्वतःचा व्यवसाय करत होत्या आणि साहेबांना ऐकवायचं भाषण तयार करत होत्या. भाषण सात मिनिटांचं होतं. न्हाणीघरात रोज म्हटल्यामुळे नवऱ्यालाही पाठ झालं होतं.

मंगळवारी सकाळी न्यायाधीशांनी त्यांना बोलावून घेतलं आणि रोजनिशीची प्रत पुढे ठेवली.

“आधीच सांगते,” चाळणबाई म्हणाल्या, “त्या माणसाशी माझं वैर आहे.”

“उत्तम. वैरी माणूस बारकाईने बघतो. मला एवढंच सांगा, साहेबांशिवाय दुसऱ्या कोणाला ती फाईल पुसता येईल का? तुमचा जुना अहवाल म्हणे ‘येईल’ म्हणतो.”

“ते यंत्र म्हणजे एक घर आणि ते झाडायला एक माणूस ठेवलाय असं समजा. त्याच्याकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या. तो रोज दुपारी दीड वाजता येतो आणि सामायिक पडवीत जे जुनं पडलेलं असेल ते उचलून फेकतो. डोळे मिटून. आता पडवीत कोणीही काहीही ठेवू शकतं. मी तिथे एक चिठ्ठी ठेवली, ‘माझ्याऐवजी तिजोरीतली थैली’, तर हा शहाणा तिजोरी उघडतो आणि थैली फेकून देतो.”

“चिठ्ठी वाचतो?”

“वाचतो. कोणी ठेवली ते तो बघत नाही आणि रोजनिशीही टिपत नाही. यंत्रात त्या चिठ्ठीला शॉर्टकट म्हणतात आणि त्या माणसाला सफाई प्रोग्रॅम. तो मालकाच्या अधिकाराने चालतो, म्हणून रोजनिशीत नाव येतं मालकाचं. सोमवारी दीड वाजता त्या नावावर एकशे बारा फायली पुसल्या गेल्या. एकशे अकरा कचरा होत्या.”

न्यायाधीशांनी टोपण काढून ‘एकशे बारा’ लिहून घेतलं. “म्हणजे कोणीही बाहेरचा...”

“बाहेरचा नाही. त्याच यंत्रावर बसून, स्वतःच्या साध्या खात्याने आत आलेलाच हे करू शकतो. साहेबांचं म्हणणं तेच होतं, आत आपलीच माणसं असतात, म्हणून किरकोळ.”

“बरं. मग हा नवा फॉर्म. तुमचा अभिप्राय शुक्रवारच्या सुनावणीआधी हवा. ‘गंभीर’ लिहिलंत, तर संशय तिघा तपासनिसांकडे वळेल. ‘किरकोळ’ लिहिलंत, तर दुसऱ्या कोणाला शक्यच नव्हतं असा अर्थ होईल. साहेब आत जातील.”

चाळणबाई फॉर्म घेऊन जिना उतरल्या. तीन चौकटी, कोऱ्या. ‘पूर्वीच्या अभिप्रायाशी सहमत’ एवढंच लिहिलं, तर तो माणूस स्वतःच्याच सहीने तुरुंगात जाणार होता. इतका नेटका सूड त्यांनी न्हाणीघरातही कल्पिला नव्हता.

३

तरी बाई कार्यालयात गेल्याच. लिहायचं काहीही असो, तपासल्याशिवाय लिहायची त्यांना सवय नव्हती.

साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. त्यांनी वर बघितलं. “तुम्ही!”

“मी. समितीने नेमलंय.”

“बाई, त्या जुन्या गोष्टी...”

“किरकोळ होत्या,” बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. भाषणातलं एकही वाक्य त्यांनी खर्ची घातलं नाही.

लंबू तपासनीस दाराच्या चौकटीखालून वाकून आला आणि वाकलेलाच राहिला. “मी दरवाजे तपासले. शपथेवर सांगतो.”

“त्या भोकाबद्दल तुला काय माहीत?”

“कुठल्या? भिंतीतल्या? ते मी नाही पाडलं.”

मिशाळ तपासनीस मिशी कुरवाळत म्हणाले, “बघा, मी संगणक फक्त मोजमापं भरण्यापुरता वापरतो. तो मला घाबरतो, मी त्याला. आणि हो, दरवाजे मी तपासले. हा लंबू लिफ्टच्या दरवाजात मावतो तरी का?”

“तुमचा साहेबांवर राग आहे?”

“तुमच्याइतका नाही.”

शेवटी बाई मावशींच्या टेबलापाशी टेकल्या. मावशींनी खाकरून आवाज खाली आणला. त्यांच्या खाली आणलेल्या आवाजाने शेजारच्या खोलीतले लोक काम थांबवून ऐकत.

“तुझा तो अहवाल ना? साहेबांच्या ड्रॉवरमध्ये होता. दोन महिन्यांपूर्वी ड्रॉवर साफ करायला सांगितला मला. म्हटलं, एका बाजूने चांगला कोरा कागद आहे.”

“मावशी. काय केलंत?”

“जे सगळ्याचं करते ते. पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवल्या. तिकडे ढीग आहे बघ, ज्याला लागेल तो उचलतो. तपासनीस त्यावरच मोजमापं टिपतात, मग संगणकात भरतात आणि पानं फाडून टाकतात.”

चाळणबाईंनी ढीग उपसला. एका वहीत त्यांना स्वतःच्या अहवालाचं दुसरं पान भेटलं. पाठीमागे कोणीतरी लंबूचं चित्र काढलं होतं, डोक्याला ढग टेकलेला. दुसऱ्या वहीत अकरावं पान होतं. त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ, आणि वर्तुळाच्या आत ‘आईला फोन’. कृती ज्या पानांवर होती, ती चौथं ते सातवं, कुठेच नव्हती. ज्या भोकाविषयी तोंड उघडलं म्हणून बाईंना तळघर मिळालं, ते भोक वापरायचं कसं, हे साहेबांच्या आवराआवरीने अख्ख्या कार्यालयात फुकट वाटलं होतं.

म्हणजे तिघांपैकी कोणीही. पण कोण?

“मावशी, सोमवारी फाईल नाही असं कळलं तेव्हा कोण काय म्हणालं, ते परत सांगा.”

मावशींनी परत सांगितलं, कपाळावर हात मारून, नसलेली मिशी कुरवाळून, शेवटी गुडघा धरून. चाळणबाईंनी सगळं वहीत उतरवलं आणि त्यातल्या एकाच शब्दाखाली रेघ ओढली. का ओढली, ते त्यांनाही अजून उमगलं नव्हतं.

४

बुधवारी सकाळी त्यांनी घरातल्या जुन्या संगणकावर तीच ऑपरेटिंग सिस्टिम घातली. ‘तिजोरी’ बांधली, तीत एक फाईल ठेवून मालकाचं कुलूप लावलं, ‘पाहुणा’ नावाचं अगदी साधं खातं उघडलं आणि पाहुण्याच्या हाताने पडवीत चिठ्ठी टाकली. अहवालात त्यांनी लिहिलं होतं की सफाई दहा दिवस जुनं झालेलंच उचलते. यंत्राचं घड्याळ दहा दिवस पुढे सारलं, सफाई चालवली. फाईल गेली.

नवऱ्याने चहाचा कप आणून ठेवला. “झालं ना सिद्ध? आता लिही ‘सहमत’ आणि मोकळी हो.”

“सिद्ध झालं तर ‘गंभीर’ लिहायला हवं.”

“मग तो सुटणार. तीन वर्षं मी ते भाषण ऐकतोय. सहाव्या मिनिटाला तुझा आवाज चढतो तेव्हा शेजारी भिंतीवर ठोकतात. त्याचं काय?”

“गप्प बस जरा. मला एकेक दिवस सारून बघू दे.”

“कशाला?”

“असंच.”

‘असंच’ हा त्यांच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग होता. नवी चिठ्ठी टाकली. एक दिवस सारला, सफाई चालवली, फाईल जागेवर. दोन, तीन, चार, पाच, सहा, जागेवर. सातवा दिवस पूर्ण झाला, सफाई चालवली.

फाईल गेली.

बाईंनी पुन्हा केलं. पुन्हा सातव्याच दिवशी गेली. त्यांनी फळीवरून जुनी पुस्तिका काढली. तिच्यात ठळक अक्षरात दहा छापलेलं. तीन वर्षांपूर्वी बाईंनी पुस्तिकेतला आकडा जसाच्या तसा उचलून अहवालात घातला होता आणि पडताळून बघितला नव्हता. आयुष्यात एवढीच एक गोष्ट न तपासता लिहिली, आणि ती चूक निघाली.

“काय झालं? चेहरा का उतरला?” नवरा म्हणाला.

“माझ्या अहवालात चूक आहे.”

नवरा खुर्चीत बसला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती; हे वाक्य घरात प्रथमच उच्चारलं गेलं होतं.

पण बाईंचं लक्ष नव्हतं. त्या बोटांवर मोजत होत्या. सोमवारच्या सफाईने चिठ्ठी उचलली, म्हणजे तिला सात दिवस पूर्ण झाले होते. रविवारच्या सफाईने सोडली, म्हणजे तोवर झाले नव्हते. तेव्हा चिठ्ठी पडली ती आदल्या आठवड्यातल्या रविवारच्या दीडनंतर आणि सोमवारच्या दीडच्या आत. रविवारी कार्यालयाला टाळं. राहिली सोमवारची सकाळ. त्या सकाळी तिघेही जागेवर होते, हे बाईंना काल हजेरीपटात दिसलं होतं. इथवर तिघेही सारखेच.

मात्र ज्याने ती चार पानं वाचली, त्याला सात दिवस माहीतच नव्हते. त्याच्या हिशेबाने फाईल दहाव्या दिवशी जायची होती. या सोमवारी ती गेली, तेव्हा सगळ्यात मोठा धक्का चोरालाच बसला असणार. आणि आरोप साहेबांवर जावा म्हणून त्याने स्वतःसाठी साक्षीदार ठरवला असणार, तो त्याच्या हिशेबातल्या दिवसासाठी.

सोमवार अधिक दहा. म्हणजे उद्या. गुरुवार, दुपारी दीड.

बाईंनी न्यायाधीशांना फोन लावला.

५

“उद्या दीडला?” न्यायाधीश फोनवर वैतागून म्हणाले. “उद्या दीडला माझं जेवणही नाही. ती बाई येतेय ना भेटायला! म्हटलं साडेतीनला या, तर नाहीच. दीडच पाहिजे. गेल्या आठवड्यातच, सोमवारी दुपारी बाराला फोन करून वेळ घेतली, वर दोनदा विचारलं, तुम्ही स्वतः खोलीत असाल ना?”

“कोण बाई?” चाळणबाईंनी विचारलं, पण रेघ ओढलेला शब्द त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला होता. लंबूने ‘अरे’ म्हणावं, मिशाळांनी ‘मी म्हणत होतो’ म्हणावं. फाईल कधी जायची हे ज्याला ठाऊक आहे, तोच ‘आज?’ म्हणतो.

दुपारी बाई कार्यालयात गेल्या, तेव्हा वहिनी दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर कठड्याला टेकून दम खात उभ्या होत्या.

“अगं ये, ये. बरी दिसतेस. तळघरातून सुटलीस ते छान झालं.”

“वहिनी, उद्या न्यायाधीशांना काय सांगणार आहात?”

“काही नाही गं. म्हातारा माणूस आहे, चार शब्द बोलून येते.”

“बरोब्बर दीड वाजता?”

वहिनींनी पदराने कपाळ पुसलं. जिन्यात कोणी नव्हतं. मग त्या एकदम, मनात दोन दिवस साठलेलं विचारावं तशा म्हणाल्या, “दहा दिवस लिहिलं होतंस ना तू?”

“हो.”

“मग सातव्याला कशी गेली? सोमवारपासून डोकं खातेय माझं.”

“पुस्तिकेत दहा होतं. मी तपासलं नाही.”

“तू तपासलं नाहीस? तू?” वहिनींना क्षणभर स्वतःच्या गुन्ह्याचा विसर पडला. “कमाल आहे बाई. आणि मी डोळे झाकून विश्वास ठेवला! चार पानं होती वहीत. तुझं लिखाण मन लावून वाचणारी मी एकटीच असेन बघ. फार छान लिहितेस. अगदी कोणालाही जमेल असं.”

चाळणबाईंना तीन वर्षांत मिळालेली ही पहिली दाद होती. ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

“ब्रेक तुम्ही तपासला होता.”

“लिफ्टच्या वरच्या खोलीत आहे तो. बावीस पायऱ्यांची लोखंडी शिडी, सरळ उभी. हा गुडघा चौथ्या पायरीवरच थांबला. मग खालून टॉर्च मारला. ब्रेक दिसला, तसा ‘उत्तम’ लिहिला.” त्यांनी पर्स उघडून चौपदरी घडीचा कागद काढला. “हा माझा अर्ज, त्या तपासणीच्या महिनाभर आधीचा. गुडघा गेलाय, शिडी चढवत नाही, टेबलावरचं काम द्या. खाली त्यांचा शेरा वाच.”

शेरा एका शब्दाचा होता. चाळणबाईंना तो वाचायला चष्माही लागला नाही. किरकोळ.

“म्हणून म्हटलं, जाऊ दे याला आत,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा गोड आवाज तसाच होता, त्यामुळे ऐकायला जास्त वाईट वाटलं. “फाईल जाईल आणि हाही जाईल. तुझंही काम होतंय गं. तुला काहीच करायचं नाही. फॉर्मवर त्याचाच शब्द लिही. दोघींचा सूड एका शब्दात.”

चाळणबाईंनी कठडा घट्ट धरला. शब्द जिभेवर होता. लिहायला एक क्षण लागला असता आणि आयुष्यभर पुरला असता.

“आपण दोघी झालो,” त्या म्हणाल्या. “ती परिचारिका? तिचे दोन्ही पाय मोडलेत. तिने कोणावर सूड घ्यायचा?”

वहिनींनी अर्जाची घडी घातली, उघडली, परत घातली.

“उद्या दीडची वेळ तुम्ही मागून घेतलीच आहे,” चाळणबाई म्हणाल्या. “जा. चार शब्द बोलायचेच आहेत, तर खरे बोला. हा अर्जही न्या. नाही गेलात, तर पावणेदोनला मी जाईन.”

वहिनींनी अर्ज पर्समध्ये टाकला. कठडा धरून त्या जिना उतरायला लागल्या, एकेक पायरी, आणि त्या उद्या न्यायाधीशांकडे जातील की स्टेशनकडे, हे पाठीवरून काही ओळखू येईना.

६

शुक्रवारी सुनावणीच्या लांब टेबलाशी सगळे बसले होते. वहिनींची खुर्ची रिकामी होती. चाळणबाई गुरुवारी पावणेदोनला न्यायाधीशांच्या दाराशी गेल्या होत्या, पण आतून रडण्याचा आवाज आला, तेव्हा दार न ठोठावताच, ‘गंभीर’वर खूण केलेला फॉर्म दाराखालून सरकवून परतल्या होत्या.

“माझ्यासमोर दोन कागद आहेत,” न्यायाधीश म्हणाले. “एक कबुली. फाईल मी पुसली आणि ब्रेक न बघता सही केली, असं एक बाई म्हणतात. दुसरा, साहेब, तुमचा तीन वर्षांपूर्वीचा शेरा. मालकाखेरीज कोणालाही हे शक्य नाही. दोन्ही खरे असू शकत नाहीत.”

साहेबांनी टायची गाठ चाचपली. “माझा शेरा त्या वेळच्या परिस्थितीत योग्यच होता.”

“मग त्या वेळच्या परिस्थितीत तुम्ही आत जाल. शेरा तुमचा, तो खोडायचा तर तुम्हीच खोडायला हवा. मूळ अहवालाची प्रत या बाईंनी आणली आहे.”

चाळणबाईंनी शेऱ्यासकट जपून ठेवलेली आपली प्रत साहेबांसमोर सरकवली. साहेबांचं पेन निघालं, पण टेकेना. मग त्यांच्या डोळ्यांत एक जुनी चमक आली. “एक मिनिट. बाईंनी पाचव्या पानावर दहा दिवस लिहिलंय. कबुलीत सात आहे. म्हणजे अहवालच चुकीचा!”

लंबूने मान वर केली. मिशाळांचा हात मिशीवरच थांबला. हेही बाई टाळू शकल्या असत्या. कागद आधी देतानाच आकडा गुपचूप दुरुस्त करता आला असता. त्यांनी साहेबांच्या हातातलं पेन काढून घेतलं, ‘दहा’ खोडलं, वर ‘सात’ लिहिलं आणि शेजारी सही केली.

“चूक माझी,” त्या म्हणाल्या. “याच चुकीमुळे चोर सापडला, पण ती चूकच.”

“मग ही चूक कोणत्या चौकटीत घालायची?” साहेब म्हणाले. “किरकोळ?”

“गंभीर,” चाळणबाई म्हणाल्या. “मला माझी दुरुस्त करायला दोन सेकंद लागले. तुमची बाराव्या पानावर आहे. काढा ते.”

पेन परत साहेबांच्या हातात आलं. त्यांनी ‘किरकोळ’वर रेघ मारली. रेघ वाकडी आली, म्हणून न्यायाधीशांनी दुसरी मारायला लावली. मग त्यांनी सगळ्यांदेखत ‘गंभीर’वर खूण केली, सही केली, तारीख घातली. न्यायाधीशांनी त्याच कागदाला लागून वहिनींचा अर्ज ठेवला. “आता हाही. हे प्रकरण मात्र एवढ्यावर संपणार नाही, साहेब. याची चौकशी वेगळी होईल.”

साहेबांनी अर्जावरचा शब्दही खोडला.

मग न्यायाधीशांनी विचारलं, आणखी कोणाला काही बोलायचं आहे का? आणि चाळणबाई उभ्या राहिल्या.

भाषण सात मिनिटांचं होतं ते साडेआठ मिनिटं चाललं, कारण अर्जाचा मजकूर त्यात आयत्या वेळी घालावा लागला. त्यात तळघर आलं, झुरळं आली, अर्धं वाचलेलं पहिलं पान आलं, परिचारिकेचे पाय आले. सहाव्या मिनिटाला आवाज चढला. इथे कोणी भिंतीवर ठोकलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “तीन वर्षांत मला तुमच्याकडून नोकरी परत नको होती, माफी नको होती. मला एकच वाक्य ऐकायचं होतं, की तुमचं बरोबर होतं. तीन शब्द.” आणि त्या खाली बसल्या.

न्यायाधीशांनी कागद गोळा केले आणि ते उठले. लंबू उठला, मिशाळ उठले. साहेब मात्र उठेनात. त्यांची मान खाली होती, खांदे पडले होते. एकदा त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकून अर्धवट उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसले. चाळणबाईंना वाटलं, वर्मी लागलंय. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता, या टेबलापलीकडून, येणार.

साहेबांनी ओशाळून वर बघितलं. चेहरा लालबुंद झाला होता.

“बाई,” ते हळूच म्हणाले.

“बोला, साहेब.”

“जरा पाय उचलता का? माझा डावा बूट तुमच्या खुर्चीखाली गेलाय.”